हेड खोलायच्या आधी

प्रश्न : खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. नोकरी बेळगावात, वय तिशीच्या आत. मावसभावाच्या ओळखीने कोल्हापुरातल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून त्यांनी २०१५ची डिझेल हॅचबॅक ३ लाख ६५ हजारांना घेतली. निम्मे पैसे आईने पतसंस्थेतली ठेव मोडून दिले. "इंजिनला हात लागलेला नाही," असं विक्रेता म्हणाला होता. कोल्हापूरहून गाडी आणताना काही झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात घरच्यांना घेऊन गोव्याला गेले. येताना केरी सोडून चोर्ला घाट चढू लागले, गाडीत पाच माणसं, एसी चालू. तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. थांबत थांबत, बाटल्यांतलं पाणी ओतत गाडी कशीबशी घरी आणली. गावातला मेकॅनिक म्हणतो, "हेड गॅस्केट गेलंय, ३८ हजार होतील, उद्या खोलतो." विक्रेता म्हणतो, "जशी आहे तशी घेतली, तुमची सही आहे. आणि कर्नाटकात बसून माझं काय करणार?" काका म्हणतात, "रेडिएटरमध्ये पावडर टाक आणि विकून मोकळा हो." मावसभाऊ फोन उचलत नाही. पत्राचा शेवट असा : "मला फसवलंय हे नक्की. आता खर्च करू, भांडू की विकू?"

उत्तर : नमस्कार. पहिली गोष्ट, उद्या मेकॅनिकला हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोलू देऊ नका. (गॅस्केट म्हणजे त्याच्या खालचं सील.) तो चुकतोय असं नाही, कदाचित त्याचंच बरोबर निघेल. पण हेड एकदा उतरलं की विक्रेत्याला एकच वाक्य पुरतं : "तुमच्या माणसाने खोलली, आता मला काय माहीत आधी काय होतं." आज तुमच्या हातात पुरावा म्हणून जे काही आहे ते त्या न उघडलेल्या इंजिनात आहे. गाडी चार दिवस अंगणात उभी राहिली तर तिचं काही बिघडत नाही. फक्त चालू करून फिरवू नका.

आता तुमच्या 'नक्की'बद्दल. त्या एका शब्दात तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी बांधल्या आहेत : गॅस्केट गेलं, आणि ते विक्रेत्याला ठाऊक होतं. दोन्हीही अजून सिद्ध व्हायच्या आहेत. गॅस्केट आधीपासून गेलेलं असू शकतं. किंवा दुसरंच काही बिघडलं, पाणी तापलं, आणि गॅस्केट घाटात गेलं असेल. किंवा गॅस्केट शाबूत असून एखाद्या छोट्या भागाने हा तमाशा केला असेल. आणखी एक शक्यता ऐकायला बरी वाटणार नाही : वाफ दिसल्यानंतरही थांबत थांबत गाडी पुढे आणली, गरम इंजिनात गार पाणी ओतलं, त्यात हेड वाकलं असेल. अ‍ॅल्युमिनियमचं हेड असल्या वागणुकीला फार लवकर दाद देतं. म्हणून आपापसात तरी प्रामाणिकपणे लिहून काढा : काटा कुठे वर गेला, किती वेळ गाडी चालत राहिली, पाणी ओतण्याआधी किती मिनिटं थांबलात, एकूण किती बाटल्या लागल्या.

गाडी नेमकी कधी तापते यावरून अर्धं निदान होतं. कोल्हापूरहून गाडी आणताना निपाणीजवळचा तवंदी घाट तुम्ही चढलात, तेव्हा काटा हलला नाही. तो रुंद महामार्ग आहे, वेग मिळतो, समोरून रेडिएटरवर वारा येतो. चोर्ल्यात दुसऱ्या गिअरमध्ये, पाच माणसं घेऊन, वळणावळणाने चढायचं, त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या तोंडाशी बसून गरम हवा आत सोडतो. तिथे सगळी मदार पंख्यावर. फक्त सावकाश चढणीला किंवा गर्दीत तापणारी गाडी असेल तर आधी पंखा आणि हवा आत येण्याचा मार्ग तपासायचा. मोकळ्या रस्त्यावर ८०-९०च्या वेगातही तापत असेल तर रेडिएटर आतून चोंदलेला, वॉटर पंप, कमी पाणी किंवा गॅस्केट. तुमची गाडी पहिल्या प्रकारात बसते. एवढ्यावरून गॅस्केट निर्दोष सुटलं असं म्हणता येणार नाही, पण ३८ हजारांचा निकाल लावायची घाईही दिसत नाही.

एक गोष्ट फार कमी लोकांना सांगितली जाते. डॅशबोर्डवरचा काटा खरं तापमान दाखवत नाही. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत पाणी ७५ अंशांवर असो की १०० अंशांवर, काटा मधोमधच धरून ठेवलेला असतो, म्हणजे चालवणारा उगीच घाबरू नये. तो हलायला लागतो तेव्हा पाणी बरंच वर गेलेलं असतं. काटा हलल्याबरोबर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल्ल, काचा खाली. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच असतो. तरी काटा उतरला नाही किंवा वाफ दिसली, तर इंजिन बंद. रेडिएटरच्या झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही, आणि नंतरही जाड फडकं टाकून हळूच, एक चतुर्थांश फिरवून दाब जाऊ द्यायचा.

उद्या सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना काय बघायचं ते सांगतो.

पाण्याची टाकी उघडा, फोटो घ्या, ओडोमीटरचाही घ्या. रंगीत, स्वच्छ कूलंट असेल तर ठीक. (तुम्ही बाटल्या ओतल्या आहेत, त्यामुळे फिकट दिसणारच.) तांबूस गढूळ असेल तर कितीतरी महिने नुसतं बोअरचं पाणी फिरतंय. नुसत्या पाण्याचा तोटा गंजापुरताच नाही. आपला भाग समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, इथे उघडं पाणी शंभरच्या आधीच, साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. कूलंट आणि झाकणाचा दाब मिळून हीच मर्यादा १२०च्या वर नेतात. म्हणून शे-दोनशे रुपयांचं सैल झाकण घाटात गाडी उकळवू शकतं. टाकीच्या तळाशी चिखलासारखा किंवा चमचमणारा गाळ असेल तर कोणीतरी गळती बंद करायची पावडर आधीच टाकलेली असण्याची दाट शक्यता. आपल्याकडे काही जण यासाठी रेडिएटरमध्ये हळदही टाकतात. हळदीची जागा स्वयंपाकघरात. ती गळती तात्पुरती बुजवते आणि त्याबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्या नि हीटरही बुजवते. हा गाळ छोट्या स्वच्छ बाटलीत काढून ठेवा.

पाण्यावर तेलाचा तवंग किंवा तपकिरी साय दिसली की बहुतेक मेकॅनिक "गॅस्केट" म्हणतात. डिझेल गाडीत इथे थांबायला हवं. टर्बो डिझेलला इंजिन ऑइल थंड करणारा ऑइल कूलर असतो, त्याच्या एका बाजूने तेल, दुसऱ्या बाजूने पाणी. त्याचं सील गेलं तर इंजिन चालू असताना तेलाचा दाब जास्त असल्याने तेल पाण्यात जातं, आणि डिपस्टिकवरचं तेल मात्र स्वच्छ राहतं. तसंच पाणी कमी होतंय, खाली थेंब नाही, मागून पांढरा धूर, हीही लक्षणं गॅस्केटच्या नावावर जातात, पण ज्या गाडीला ईजीआर कूलर (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात जाण्याआधी पाण्याने थंड करणारा भाग) आहे तिथे तो फुटला तरी हेच दिसतं. दोन्ही कामं हेड न उतरवता होतात. डिपस्टिक आणि ऑइलचं झाकण दोन्हीकडे लस्सीसारखा फेस दिसला तर मात्र संशय पुन्हा हेडकडे वळतो.

मग पाणी भरून इंजिन थंडच चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या रबरी होजवर हात ठेवा. पाणी अजून तापलेलंही नाही आणि दीड-दोन मिनिटांत होज दगडासारखा टणक झाला, टाकीत सतत बुडबुडे येऊ लागले, तर सिलिंडरमधली हवा पाण्यात घुसतेय. लगेच बंद करा, पुढचं काही करू नका. तसं झालं नाही तर एसी लावून पंखा फिरतो का बघा. बऱ्याच गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात, एक गेला तरी दुसरा चालत राहतो, आणि मेकॅनिक "पंखा चालू आहे" म्हणून पुढे जातो. पाणी आणखी तापलं की पंख्याचा आवाज बदलून मोठा व्हायला हवा. होत नसेल तर रेझिस्टर, रिले, फ्यूज, वायरिंग. आणि काटा वर असताना खालचा होज थंडगार असेल तर थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) बंद अवस्थेत अडकलाय किंवा पंप पाणी ढकलत नाही.

थर्मोस्टॅटबद्दल थोडं जास्तच सांगतो, कारण जुन्या गाड्यांत सगळ्यांत जास्त खेळ याच्याशी होतो. "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गार राहील," हा सल्ला निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही गॅरेजात मिळेल. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरची वाट मोकळी करतो आणि बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा, म्हणजे गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात. सपाट रस्त्यावर गाडी गारठलेली, काटा मध्यावर चढतच नाही, आणि घाटात मात्र उकळते. तुमच्या गाडीचा काटा सकाळी कामावर जाताना बेळगाव येईपर्यंत मध्यावर येत होता का? आठवून बघा. नसेल येत, तर काढलेल्या थर्मोस्टॅटचा संशय पक्का. असला तर तपासायची पद्धत साधी : पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवायचा, थर्मामीटर. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याजवळ, बहुधा ८२ किंवा ८८, तो उघडायला लागला पाहिजे आणि त्याच्या दहा-बारा अंश पुढे पूर्ण उघडला पाहिजे.

रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्या मधली फट टॉर्च लावून बघा. आपल्याकडची तांबडी धूळ आणि ऊसतोडीच्या दिवसांतला पाचोळ्याचा भुसा तिथे गादी करून बसतो, समोरून काही दिसत नाही. पाण्याचा हलका फवारा इंजिनाच्या बाजूने बाहेर मारायचा. वॉशिंग सेंटरची जोरदार गन मारली तर रेडिएटरच्या पातळ पत्र्या (फिन्स) वाकतात.

एवढं झाल्यावर दुसऱ्या, तुमच्या ओळखीत नसलेल्या गॅरेजला गाडी टोइंगने न्या आणि तीन तपासण्या करून मागा. प्रेशर टेस्ट : हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत, साधारण १ बार, दाब भरून पंधरा मिनिटं ठेवायचा. दाब उतरला तर कुठून ते शोधायचं. पंपाच्या खालचं भोक, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा सांधा, पुढच्या सीटखालचा ओला गालिचा, सगळं बघायचं. दुसरी, टाकीतल्या हवेत एक्झॉस्टचा वायू आहे का ते निळ्या द्रवाने बघणं. गॅस असेल तर रंग बदलतो. डिझेल इंजिन नुसतं आयडल (गाडी उभी, इंजिन चालू) असताना कार्बन डायऑक्साइड कमी सोडतं, त्यामुळे रंग बदलला नाही म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. इंजिनावर थोडा भार देऊन पुन्हा करायला सांगा. तिसरी, सिलिंडरची लीकडाउन : सिलिंडरमध्ये हवा भरली आणि टाकीत बुडबुडे आले, तर मग गॅस्केट किंवा हेडचा तडा, यात शंका नाही. या तिन्हींचा निकाल गॅरेजच्या कागदावर, गाडी नंबर, किलोमीटर, तारीख आणि सहीसकट घ्या. तुमच्या पुढच्या सगळ्या वादात हाच कागद बोलणार आहे.

याच वेळी स्कॅनर लावून एक आकडा टिपून घ्या : कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाड) पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. बहुतेक गाड्या तो देतात. डिलिव्हरी नोटवरच्या किलोमीटरपासून आजपर्यंत जेवढी गाडी चालली, जवळपास तेवढाच हा आकडा असेल, तर गाडी तुमच्या हातात देताना कोणीतरी कोड पुसले होते. एवढ्याने लबाडी सिद्ध होत नाही, सर्व्हिसिंगनंतरही कोड पुसतात. पण "कशाचे पुसले?" हा प्रश्न विचारायला तुम्हाला जागा मिळते. मात्र हा आकडा आधी टिपा, नाहीतर तुमचाच मेकॅनिक सवयीने कोड पुसून मोकळा होईल. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आरसी दाखवून जुन्या नोंदीही मागून बघा.

आता विक्रेता. "जशी आहे तशी" या सहीने तुमची बाजू दुबळी होते, पण संपत नाही. ती सही झीज आणि वयाला लागू पडते. दहा वर्षांच्या गाडीचा वॉटर पंप गेला म्हणून कोणी विक्रेत्याला धरू नये. ठाऊक असलेला दोष मुद्दाम झाकणं ही वेगळी गोष्ट आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम १७मध्ये ती फसवणुकीतच मोडते. आणि "कर्नाटकात बसून काय करणार" हे त्याला वाटतं तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ३४नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे बेळगावात. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर नोंद करून बघा. हा सगळा मार्ग विक्रेता धंदेवाईक आहे म्हणून खुला आहे. ज्यांनी शेजाऱ्याकडून किंवा नातेवाइकाकडून गाडी घेतलीय त्यांना ग्राहक आयोग नाही, दिवाणी दावाच. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, ते त्याच्याकडे आहे का तेही विचारा. न चिडता विचारा.

भांडणाची भाषा मात्र लगेच काढू नका. तपासणीचा कागद हातात आला की त्याला स्पीड पोस्टने आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा : अमुक तारखेला, अमुक गॅरेजमध्ये इंजिन उघडणार आहे, तुमचा माणूस पाठवा, नाहीतर फोटो-व्हिडिओ काढून उघडू. सात-आठ दिवस द्या. माणूस आला नाही तरी तुमचं काम झालं. काढलेला प्रत्येक भाग, गॅस्केट, बोल्ट, थर्मोस्टॅट, पोत्यात भरून ठेवा. भंगारवाल्याला देऊ नका. जुनं, आधीच एकदा फेस केलेलं (मशीनवर घासून सपाट केलेलं) हेड किंवा लोकल गॅस्केट निघालं तर "इंजिनला हात लागलेला नाही" हे वाक्य तिथेच पडलं. मागणीही वाजवी ठेवा. पूर्ण पैसे परत मागून सुरुवात केलीत तर तो फोन बंद करेल. पार्ट्सचा खर्च त्याचा, मजुरी तुमची, अशा तडजोडीला बरेच विक्रेते तयार होतात, कारण लेखी कागद बघितल्यावर त्यांनाही धंदा करायचा असतो.

गॅस्केटच निघालं, तर कामाबद्दल चार गोष्टी मेकॅनिकला आधीच विचारा. हेड सपाट आहे का ते स्ट्रेटएज आणि फीलर गेजने मोजणार का (मर्यादा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असते, नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही). तड्यासाठी हेडची प्रेशर टेस्ट होणार का. ही आणि फेसिंगची कामं बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपांत करून मिळतील, पण काही डिझेल हेडचं फेसिंग कंपनीच चालू देत नाही, ते मॅन्युअलमध्ये बघूनच. डिझेलचं गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येतं, पिस्टन किती वर येतो ते मोजून निवडायचं. "असेल ते बसवतो" म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका. हेड बोल्ट नवे, आणि टॉर्क रेंचने, कोनाच्या हिशोबाने. आणि सर्वांत महत्त्वाचं, गॅस्केट कशामुळे गेलं? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय बिल देऊ नका. चोंदलेला रेडिएटर तसाच ठेवून गॅस्केट बदललं तर पुढच्या चोर्ल्याला हेच पत्र पुन्हा लिहावं लागेल. शेवटी सिस्टिम फ्लश करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरा. अशा गाडीत एकूण पाच-सहा लिटर बसतं. हीटर उघडा ठेवून हवा काढा, आणि दोन-तीनदा तापवून-थंड करून पातळी पुन्हा बघा. आत राहिलेली हवा नव्या कामालाही बदनाम करते.

काकांचा सल्ला. पावडर टाकून विकणं म्हणजे विक्रेत्यावर जो आरोप तुम्ही करताय तोच, फक्त सही तुमची. दोष सांगून, तपासणीचा कागद दाखवून, किंमत कमी करून विकणार असाल तर जरूर विका. दुरुस्तीचा खरा आकडा हातात आल्यावर तो हिशोब करा, आज नाही.

जे अजून गाडी बघताहेत त्यांच्यासाठी : विक्रेत्याला सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि बॉनेटला हात लावून ती खरंच थंड आहे का बघा. कोल्हापुरात बघत असाल तर एसी लावून, चार माणसं बसवून पन्हाळा चढवून आणा. वर पोचल्यावर दहा मिनिटं आयडलवर ठेवा. सपाट रस्त्यावरच्या फेरीत दडलेलं तिथे बाहेर पडतं.

कागदांची घाई मात्र तुम्हाला खरीच आहे. दुसऱ्या राज्यातली गाडी असल्याने विक्री झाल्यापासून ३० दिवसांत मालकी बदलल्याचं तुम्ही आपल्या आरटीओला कळवायचं असतं, त्याला कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागते. ती विक्रेत्याने अजून दिली नसेल तर पत्रात तीही मागा. एमएच-०९चा नंबर बदलून केए-२२ घेणं आणि इथला रोड टॅक्स भरणं मात्र गाडी ठेवायची हे ठरेपर्यंत थांबवा. कायदा त्यासाठी १२ महिने देतो, आणि भरलेला टॅक्स गाडी परत देताना कोणी हिशोबात धरत नाही. विम्यावर नाव बदलायची १४ दिवसांची मुदत गेली आहे. ते आजच करा. इंजिनाच्या या बिघाडाला विमा काही देणार नाही, पण जुन्या मालकाच्या नावावर पॉलिसी असताना टोइंग करताना गाडीला धक्का लागला तर तेही पैसे अडतील.

आणि मावसभावाला फोनवर दोष देऊ नका, तो तुम्हाला साक्षीदार म्हणून लागणार आहे. एखाद्या रविवारी घरी जा आणि एवढंच विचारा : "इंजिनला हात लागलेला नाही" असं विक्रेता म्हणाला तेव्हा तू शेजारी होतास, ते लिहून देशील का?